लष्करी प्रतिकृती, स्प्रिंग की पीसीपी? नागपूरच्या हवेत एअर रायफल घेताना

बारावीची परीक्षा संपली आणि पुतण्या म्हणाला, "काका, आता एअर रायफल घेऊ. पण अशी." मोबाईलवर एम-फोर या अमेरिकन लष्करी रायफलीची हुबेहूब प्रतिकृती. सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या, कॅप्सूलवर चालणारी, प्रत्येक शॉटला बोल्ट खऱ्या बंदुकीसारखा मागे-पुढे होणारी. मी त्याला म्हटलं, दिसते कशी ते नंतर बघू. ती बिघडते कशी आणि तो बिघाड आपल्याला घरच्या घरी ओळखता येईल का, हे आधी बघू. निवड त्यावर करायची.

आधी त्या प्रतिकृतीचंच बोलतो. कॅप्सूलमध्ये 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात भरलेला असतो. 20 अंशाला त्याचा दाब साधारण 57 बार. पण 31 अंशांच्या वर तो द्रव म्हणून राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. अशा वेळी व्हॉल्व्ह आतल्या दाबाने इतका घट्ट बसतो की हॅमरचा ठोका त्याला उघडू शकत नाही. ट्रिगर दाबला, 'टक्' झालं, बाहेर काहीच नाही. डिसेंबरच्या सकाळी नेमकं उलटं होतं. दाब आधीच कमी, त्यात भराभर शॉट मारले की कॅप्सूल हाताला गार लागते आणि बोल्ट पुरता मागे न जाता मध्येच अडकतो. मग लोक मॅगझिन बदलतात, रिकॉइल स्प्रिंग बदलतात, आणि दोष तापमानाचा असतो. रायफल सावलीत ठेवली, दोन शॉटमध्ये जरा दम खाल्ला, की निम्म्या तक्रारी मिटतात. मात्र शॉट सुटला नाही तर छर्रा नळीतच आहे असं धरून चाला आणि नळी टार्गेटकडेच ठेवा. शिवाय ही वस्तू लांबून खरी वाटते. ती पेटीबाहेर काढून रस्त्याने नेणं मला अजिबात मान्य नाही.

स्प्रिंगची रायफल म्हणजे आपली नळी मोडून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग ताणून सज्ज करायची ती. हवा भरायची भानगड नाही, सिलिंडर नाही, पंप नाही. गावाकडच्या शेतावर न्या, चालते. तिची दुखणी दोन. पहिलं म्हणजे आतल्या आत पेटणं. पिस्टन क्षणार्धात हवा दाबतो, ती हवा भयंकर तापते, आणि तिथे तेल असलं तर डिझेल इंजिनासारखा भडका होतो. नव्या रायफलीत कारखान्यातलं तेल जळेपर्यंत थोडा धूर येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण मी एकदा कॉक करताना करकर येते म्हणून हवेच्या छिद्रात शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले. पुढचा शॉट फटाक्यासारखा फुटला, नळीतून निळसर धुराची वेटोळी निघाली, खोलीभर जळक्या तेलाचा वास. पिस्टनचं सील गेलं आणि नंतर स्प्रिंगही बदलावी लागली. त्या छिद्रात तेल घालायचं नाही, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

दुसरं दुखणं म्हणजे दम कमी होणं. यासाठी टिश्यू पेपरची बोटभर पट्टी घ्या, नळी जिथे मोडते त्या सांध्यावर ठेवा, छर्रा घालून शॉट मारा. पट्टी उडाली तर सांध्याचं सील गेलं, ते काही रुपयांचं काम. पट्टी हलली नाही आणि तरी जोर नाही, तर पिस्टनचं सील किंवा स्प्रिंग. कॉक होतच नसेल तर आधी ट्रिगरचा स्क्रू कुणी जास्त फिरवला का ते बघा. आणि छर्रा घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. खटका निसटला तर मिटणारी नळी बोट तोडू शकते.

नेमबाजी मनापासून करायची असेल तर मात्र माझं मत पीसीपीला, म्हणजे दाबाची हवा आधीच भरून ठेवायच्या रायफलीला. 10 मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असतो. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा बाहेर पडायच्या आत सगळी रायफल हलून जाते, त्यामुळे शिकणाऱ्याला चूक आपली की रायफलीची हे कळत नाही. पीसीपीत साधारण 200 बारची हवा आधीच भरलेली असते, धक्का जवळजवळ नाही.

तिचा ठरलेला त्रास म्हणजे गळती, आणि नागपुरात खोट्या गळतीने माणूस हैराण होतो. मेमधल्या संध्याकाळी 45 अंशांत 200 बार भरा, पहाटे 28 अंशांत काटा 189 च्या आसपास दिसेल. काहीही गळलेलं नसतं, हवा फक्त थंड झालेली असते. म्हणून काटा रोज एकाच वेळी बघायचा. तरी उतरतच असेल तर साबणाचं पाणी गेजच्या आणि फिलिंगच्या सांध्यावर लावा. टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा फुगताना दिसला की गळकी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) सापडली. तिथलं काम सगळी हवा सोडल्याशिवाय करायचं नाही, आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावायचं. दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेतं. हँडपंपाने भरणार असाल तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दर पाच मिनिटांनी थांबून पंपातलं पाणी सोडा. उन्हात बंद कारमध्ये भरलेलं सिलिंडर ठेवू नका.

हवा भरायचा मोठा सिलिंडर घेताना त्यावर पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, मान्यता बघा. या खात्याचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, तेव्हा नागपूरकराने यात आळस करू नये. रायफलीच्या बाबतीत 4.5 मिमी नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद, एवढ्यात राहिलात तर परवाना लागत नाही. पक्कं बिल मात्र जपून ठेवा.

थोडक्यात निवड अशी: रेंजवर हवा भरून मिळत असेल आणि आठवड्याला तीन-चार दिवस जाणार असाल तर पीसीपी, तीही एकेक छर्रा घालायची. मॅगझिनमध्ये चेपलेला छर्रा अडकतो किंवा दोन छर्रे एकामागोमाग नळीत जातात, शिकताना ती कटकट नको. रेंज लांब असेल तर स्प्रिंग. प्रतिकृती हौसेची आहे, ती हिवाळ्याच्या दुपारी बरी चालते.

पुतण्याला जुनी मॅच, म्हणजे स्पर्धेची, पीसीपी पाहायला नेलं तेव्हा पॉलिश सुरेख होतं, बट नवी होती. मी आधी सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख वाचली. मॅच रायफलींचे जर्मन कारखाने सिलिंडरला 10 वर्षांचीच मुदत देतात, आणि ही मुदत उलटून गेली होती. नव्या सिलिंडरचा खर्च धरून भाव करा, मालक तयार नसेल तर उठून या.