मूत्रपिंडाच्या रुग्णाचे दुपारचे जेवण: भाकरीचे ताट की भाताचे?

रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) वाढलेले दिसले की सातारा-सांगलीकडच्या घरांत पहिला प्रश्न भाकरीचा निघतो, कारण दुपारचे ताट तिच्याभोवतीच मांडलेले असते. कोणी ज्वारी ‘जड’ म्हणून बंद करून भातावर येतो, तर घरात मधुमेहही असेल तर कोणी भातालाच हात लावू देत नाही. डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णासाठी या दोन ताटांत काय फरक पडतो, एवढेच येथे पाहू. डायलिसिसवरील रुग्णाला प्रथिने उलट जास्त लागतात, त्यामुळे त्याचे गणित वेगळे असते.

थकलेल्या मूत्रपिंडाला पोटॅशियम आणि फॉस्फरस नीट बाहेर टाकता येत नाहीत, म्हणून ताटात हे दोन्ही मोजायचे. धान्यापुरते पाहिले तर पारडे भाताकडे झुकते. १०० ग्रॅम ज्वारीत पोटॅशियम सुमारे ३३० मिलिग्रॅम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे ११०. फॉस्फरसचे प्रमाणही जवळपास असेच तिप्पट आहे. मात्र ज्वारीतील बराचसा फॉस्फरस फायटेट या धान्यातील संयुगाच्या रूपात असल्याने तो शरीरात पूर्णपणे शोषला जात नाही, आणि ज्वारीने रक्तातील साखर भातापेक्षा सावकाश वाढते. शिवाय भाकरीच्या पिठात आपल्याकडे बहुधा मीठ घालत नाहीत, ही तिची जमेची बाजू सहसा कोणी मोजत नाही.

आता ताटातील बाकीचे पदार्थ पाहा. दोन भाकऱ्यांऐवजी तेवढ्याच तांदळाचा भात खाल्ल्यास पोटॅशियमची बचत जेमतेम २००-२५० मिलिग्रॅमची होते. पण त्याच भातावर कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी ओतली, तर ५० ग्रॅम कोरड्या घेवड्यातच सहाशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते, आणि आमटीत शिजवण्याचे पाणी ओतून दिले जात नसल्याने ते सगळे पोटात जाते. म्हणून धान्याआधी कालवण बदलावे, असे माझे मत आहे. भाकरीबरोबर दुधी, दोडका, पडवळ किंवा कोबी घ्यावा. बटाटा हवाच असेल, तर त्याच्या लहान फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे, म्हणजे पोटॅशियम साधारण निम्म्यावर येते. नुसते गार पाण्यात भिजवून फारसे साधत नाही. फोडी कुकरमध्ये घालून त्याच पाण्याचा रस्सा केला, तर सगळा खटाटोप वाया जातो.

भाकरीच्या ताटाचा खरा धोका दाण्याच्या कुटात आणि कांदा-लसूण मसाल्यात आहे. कूट पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढवते, आणि आपण ते मोजून घालत नाही. तयार मसाल्यात तर मीठ आधीच घातलेले असते, त्यामुळे भाजीत वेगळे मीठ टाकले नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवायचे असते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पूर्ण नाही. मसाला घरी बिनमिठाचा कुटून ठेवावा आणि चवीला लसूण, जिरे व लिंबू वापरावे. बाजारातील ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, ते या रुग्णाला घातक ठरू शकते. खर्डा, पापड, लोणचे यांबद्दल वेगळे सांगायला नको.

भाताच्या ताटाची अडचण निराळी. भात कोरडा जात नाही. त्याबरोबर आमटी भुरकली जाते, वरून ताकही येते, आणि ज्याला पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्याचा हिशेब दुपारीच चुकतो. भात घ्यायचाच असेल, तर घट्ट मूगडाळीचे अर्धी वाटी वरण पुरे. दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण साधारणपणे सांगितले जाते. ६० किलोच्या माणसाला ती ४८ ग्रॅम होतात, आणि ३० ग्रॅम डाळीतून त्यांपैकी सुमारे ७ ग्रॅम मिळतात.

तेव्हा मधुमेह असेल आणि पोटॅशियम मर्यादेत असेल, तर भाकरी सोडण्याचे कारण मला दिसत नाही. एक भाकरी, दोडक्याची भाजी आणि काकडीच्या चार फोडी हे उत्तम जेवण आहे. अहवालात पोटॅशियम वाढलेले असेल, तर ते उतरेपर्यंत भाताचे ताट अधिक सुरक्षित, मात्र साखर वारंवार तपासून आणि भाताचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घेऊन. जेवणानंतर गोड काही हवे असल्यास साखर मर्यादेत असलेल्याने तासगावची दहा-बारा ताजी द्राक्षे खायला हरकत नाही. तिथलाच बेदाणा मात्र टाळावा, कारण वाळल्यामुळे त्याच वजनात पोटॅशियम जवळजवळ चौपट होते.