५० टक्के स्कॉलरशिपच्या पत्रावर विश्वास ठेवला आणि बहिणीचं एक वर्ष गेलं, ॲडमिशन घेणाऱ्यांनी वाचा

हे मी खूप आधी लिहायला पाहिजे होतं, पण घरात हा विषय निघाला की अप्पा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे, म्हणून गप्प राहिलो. आता परत ॲडमिशनचे दिवस आलेत, आणि परवा गावाकडच्या एका ओळखीच्यांचा फोन आला की "पुण्यातल्या युनिव्हर्सिटीत निम्मी फी माफ होतेय, शनिवारपर्यंत पैसे भरा म्हणतेत". तेच वाक्य. तोच शनिवार. म्हणून लिहितोय.

माझी धाकटी बहीण २०२४ ला बारावी झाली. लातूरला क्लास लावला होता, एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला, ८९ पर्सेंटाइल आले. आमचं गाव उदगीरच्या पुढं, साडेचार एकर कोरडवाहू, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. इंजिनिअरिंगला जाणारी घरातली ती पहिलीच. कॅप राउंड (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या) म्हणजे काय, मॅनेजमेंट कोटा (कॉलेज स्वतः भरतं त्या जागा) म्हणजे काय, हे नीट सांगणारं जवळचं कोणी नव्हतं.

निकाल लागून चार दिवस झाले नसतील तर अप्पांच्या मोबाइलवर फोन सुरू झाले. समोरच्याला तिचे मार्क, क्लासचं नाव, अप्पांचं नाव सगळं माहीत होतं. हे याला कुठून कळलं असा प्रश्न आम्हाला तेव्हाच पडायला पाहिजे होता, पण अप्पांना उलट बरं वाटलं की पोरीची कोणीतरी दखल घेतली.

ऑफिस क्लासेसच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होतं, बाहेर मोफत मार्गदर्शन केंद्र असा बोर्ड. गेल्या गेल्या बहिणीला पेढा दिला, अप्पांना खुर्ची दिली, "काका, पोरगी हुशार आहे तुमची" म्हणाले. सगळे त्यांना सर म्हणायचे, आम्हीपण म्हणालो. या सरांनी त्या अर्ध्या तासात तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या निघाल्या.

पहिली, ८९ ला कॅपमधून कुठलं तरी आडबाजूचं कॉलेज मिळेल, त्यापेक्षा पुण्यातली खाजगी युनिव्हर्सिटी हिला मार्कांवर ५० टक्के स्कॉलरशिप देतेय. दुसरी, सरकार यंदापासून मुलींची फी माफ करणार आहे (ही घोषणा खरंच झाली होती, पेपरात आलं होतं), तर आता पैसे भरा, उरलेली निम्मी फी सरकारकडून तुमच्या खात्यात परत येईल. आणि तिसरी सगळ्यात वाईट, की इथं सीट बुक केल्यावर कॅपचा फॉर्म भरायचा नाही, भरला तर इथली सीट आणि स्कॉलरशिप दोन्ही रद्द होतात.

मी तेव्हा फोनवर होतो, स्पीकरवर ऐकत होतो. मीपण म्हणालो की सर म्हणतेत तर बरोबर असेल. ही माझी चूक आहे, अप्पांची नाही.

त्या रविवारी कॅम्पस दाखवायला एसी बस होती, लातूरहून फुकट. मी चाकणहून थेट तिथं गेलो. एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी आम्हाला फिरवत होती, मोठी हिरवळ, कॉफीची दुकानं, काचेची लायब्ररी. लायब्ररीत एका कपाटातल्या पुस्तकांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, मी बोट लावून बघितलं होतं, तरी मनात काही आलं नाही. लॅब बंद होत्या, रविवार आहे म्हणाले. हॉस्टेलची एक खोली दाखवली, दोन बेड, टेबल, एसी. आईनं गादीवर हात फिरवून बघितला आणि तिथंच तिचं ठरलं.

स्कॉलरशिपचं पत्र जाड कागदावर होतं, सोनेरी शिक्का, बहिणीचं नाव ठळक अक्षरात. पुढच्या बाजूला ५० टक्के. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी होत्या, त्या आम्ही कोणीच वाचल्या नाहीत. पत्र आईनं देवघरात ठेवलं.

पैशांचं सांगतो. ट्यूशन फी २,८०,०००, त्याची निम्मी १,४०,०००. हे एवढंच आम्ही डोक्यात धरलं होतं. भरायला गेल्यावर त्यात डेव्हलपमेंट, ॲक्टिव्हिटी, परीक्षा, युनिफॉर्म असे ६२,००० आणि हॉस्टेल-मेस मिळून १,३५,००० वाढले. ३,३७,००० झाले. सरांचे वेगळे २५,००० रोख, प्रोसेसिंगचे, पावती नंतर देतो म्हणाले. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन अप्पांनी ४,६०० च्या हमीभावाच्याही खाली विकलं, बाकीचे पतसंस्थेतून काढले. दहावी-बारावीची मार्कशीट आणि टीसी ओरिजिनल जमा करून घेतले आणि त्याची पोचसुद्धा दिली नाही.

गणपतीला, म्हणजे सप्टेंबरमध्ये, बहीण गावी आली. गौरीच्या जेवणाला तिच्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी आली होती, तिला ८१ पर्सेंटाइल, म्हणजे हिच्यापेक्षा आठ कमी. कॅपमधून छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी कॉलेजला कॉम्प्युटर मिळालेलं आणि ट्यूशन फी एक रुपया भरायला लावली नव्हती. बहीण ताट तसंच ठेवून आत गेली.

त्या रात्री मी पहिल्यांदा सरकारचा जीआर (शासन निर्णय) उघडून वाचला, ८ जुलै २०२४ चा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी आधी निम्मी माफ होती ती १०० टक्के माफ केली. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला घरात होता, सगळं बसत होतं. पण हे लागू कोणाला, तर ज्यांची ॲडमिशन केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झाली त्यांना. मॅनेजमेंट कोटा नाही, संस्था स्तरावरचा प्रवेश नाही, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं सरळ वगळलेली. बहीण ज्या युनिव्हर्सिटीत होती ती याच वगळलेल्यांमध्ये. म्हणजे सरकारकडून परत येणारी फी कधी येणारच नव्हती, आणि ते सरांना पक्कं माहीत असणार, कारण आधीच्या ५० टक्क्यांच्या योजनेलापण हीच अट होती. कॅपचा फॉर्म भरू नका हे का सांगितलं तेपण तेव्हा कळलं. फॉर्म भरल्यानं दुसरीकडची सीट वगैरे काही रद्द होत नाही, पण भरला असता तर आम्हाला तिथं काय मिळतंय ते दिसलं असतं.

मग देवघरातलं पत्र काढून मागची बाजू वाचली. स्कॉलरशिप पहिल्या वर्षापुरती. पुढच्या वर्षी चालू ठेवायची तर सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) ८.५ च्या वर, हजेरी ८५ टक्के, एकही बॅक नको, आणि एवढं करूनही देणं न देणं त्यांच्या हातात. कागदावर मांडून बघितलं, स्कॉलरशिप गेली तर पुढची तीन वर्षं दरवर्षी ४,७७,०००, चार वर्षांचे १७,६८,०००, तेही फी वाढली नाही असं धरून. अप्पांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला.

कॉलेजचं वातावरण वगैरे शब्द आपण ब्रोशरमध्ये वाचतो आणि सोडून देतो, पण मला आता वाटतं तो फीच्या बरोबरीचा विषय आहे. एसीची खोली नमुन्याची होती. बहिणीला मिळालेली खोली कॅम्पसपासून तीन किलोमीटरवर भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, एका खोलीत चौघी, बस चुकली की रिक्षाचे पैसे स्वतःचे. दर आठवड्याला कसला ना कसला इव्हेंट, त्याचा टी-शर्ट, त्याची वर्गणी, नाही गेलं तर ॲक्टिव्हिटीचे मार्क नाहीत. वर्गातली बरीच मुलं मोठ्या शहरांतली, आपसात इंग्रजी-हिंदी बोलणारी. त्यांचा काही दोष नाही, ती त्यांच्या घरच्या पैशानं शिकतायत. पण बहीण मला म्हणाली, "दादा, इथं मला कोणी त्रास देत नाही, पण कोणी बोलावतपण नाही." वर्गात शंका विचारायची तिनं दोन महिन्यांत बंद केली होती. लातूरच्या क्लासमध्ये हीच पोरगी पहिल्या बाकावर बसायची.

म्हणून कॉलेज बघायला जाल तर टी-शर्टवाल्यांबरोबर फिरून झालं की एकटे मेसच्या रांगेत जा, सेकंड इयरच्या दोन-तीन पोरांना विचारा, मागच्या वर्षी एकूण किती भरले, स्कॉलरशिप या वर्षी किती जणांची टिकली, खोली कुठं मिळाली, लॅब आठवड्यातून किती वेळा उघडते. आणि कामाच्या दिवशी जा, रविवारी नको.

पैसे परत कसे मिळाले ते नीट लिहितो कारण याचा कोणाला तरी उपयोग होईल. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या फॉर्मवर सही आहे, नॉन-रिफंडेबल. ऐकून मी परत फिरलो होतो. कंपनीतल्या एका मित्रानं सांगितलं यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम बघ. २०२४-२५ साठी यूजीसीनं सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत ॲडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केली तर जास्तीत जास्त १,००० कापून बाकी परत. (तारखा दरवर्षी बदलतात, त्या वर्षाचं पत्रक बघा.) आणि २०१८ पासूनचा नियम आहे की ओरिजिनल कागद तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. मला हे कळलं तेव्हा २६ सप्टेंबर होता. २७ ला शुक्रवारी सुट्टी टाकून दोन प्रतींत अर्ज दिला, एका प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हललो नाही, तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलनंपण पाठवला, आणि यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. त्या शिक्क्यामुळंच आम्ही वाचलो, नाहीतर अर्ज उशिरा आला म्हणून मोकळे झाले असते.

मार्कशीट आणि टीसी तिसऱ्या चकरेला मिळाले. फीचे २,०२,००० जानेवारीत आले. हॉस्टेल दुसऱ्या संस्थेच्या नावावर आहे म्हणून त्यातले फक्त ४०,००० दिले. पावती बघा म्हणाले, तर खरंच पावतीवर वेगळंच नाव होतं. ९५,००० तिथं गेले आणि सरांचे २५,०००, शिवाय पतसंस्थेचं व्याज. सरांचा नंबर बंद, ऑफिसला कुलूप, युनिव्हर्सिटी म्हणते आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिलाय, पण रोख दिलेल्या पैशांचा आमच्याकडं कागद नाही, अजून काही झालेलं नाही.

तोपर्यंत २०२४ चे कॅप राउंड संपले होते. बहीण वर्षभर घरी बसली, परत सीईटी दिली, २०२५ ला कॅपमधून संभाजीनगरलाच कॉलेज मिळालं. या वेळी फॉर्म मी स्वतः तिच्या शेजारी बसून भरला. ट्यूशन फी शून्य. एकदम फुकट असं नाही, डेव्हलपमेंट फी, खोली, जेवण हे सगळं आपलंच, पण शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी त्यांच्या वेबसाइटवर आधीच दिसते, त्यामुळं ऐनवेळी काही वाढलं नाही. मुलांसाठीपण बघा, टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीची योजना) ५ टक्के जादा जागा असतात, त्यात ट्यूशन फी माफ, पण कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तो कोड वेगळा टाकावा लागतो. राहण्याच्या खर्चाला खुल्या प्रवर्गासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अटी वाचून घ्या, सगळ्यांना बसत नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर निकालाची वाट न बघता काढून ठेवा, निकालानंतर तहसीलला रांगा लागतात.

तिच्या बरोबरच्या मैत्रिणी एक वर्ष पुढं आहेत. ती बोलून दाखवत नाही, पण त्यांच्या ग्रुपवर हल्ली काही लिहीत नाही.

कोणाला सीट बुक करा म्हणून फोन येत असेल किंवा स्कॉलरशिपचं पत्र मिळालं असेल, तर पैसे भरायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, नाव-नंबर झाकून. शिफ्ट संपल्यावर रात्री नऊनंतर मी बघतो.