डिझेल गाडी हवा घेते: पारदर्शक नळी, वेगळा कॅन की टाकीत दाब?

गाडी सकाळी चालू होते, काही सेकंदांत बंद पडते, आणि फिल्टरजवळचा डिझेल ओढायचा हँडपंप मारला की दिवसभर नीट पळते. असं होत असेल तर गाडी हवा घेते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरते, हा संशय रास्त आहे. पण रोज हवा काढत बसणं हा इलाज नव्हे. ती कुठून शिरते ते सापडायला हवं. ज्या गाडीत पंप इंजिनाकडे असतो तिथे टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. म्हणून सैल क्लिपमधून थेंबही बाहेर न पडता हवा आत जाते, आणि वरवर सगळं कोरडं दिसतं.

माझी पहिली पसंती पारदर्शक नळीला. डिझेलमध्ये टिकणारी वीतभर नळी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये घट्ट क्लिपांनी बसवा आणि इंजिन चालू ठेवून बघा. सलग बुडबुडे आले तर तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा. इथे डिझेल स्वच्छ दिसलं, तर दोष फिल्टरच्या सीलमध्ये, पाणी काढायच्या स्क्रूत किंवा हँडपंपात. इथेही बुडबुडे असतील तर टाकीकडे सरका. एखाद-दुसऱ्या बारीक बुडबुड्याला मी दोष मानत नाही, आणि नुकताच फिल्टर बदलला असेल तर थोडा वेळ बुडबुडे येणारच. रात्रभर नळी तशीच ठेवून सकाळी चावी फिरवण्याआधी पाहिली आणि ती रिकामी दिसली, तर डिझेल मागे उतरतंय हे नक्की.

टाकीकडे बोट वळलं की कॅन कामाला येतो. टाकीची लाइन सोडून डिझेलच्या कॅनमधून फिल्टरला पुरवठा द्यायचा. त्रास थांबला तर दोष सोडलेल्या भागात. टाकीच्या आतला ओढणारा पाइप तडकला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच गाडी अडत असेल, तर मी नळीत फार वेळ न घालवता थेट कॅन जोडेन. फक्त कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवा. वर टांगला तर डिझेल स्वतःच्या वजनाने उतरतं, फटीतून हवा शिरायची थांबते, आणि पुढचा सैल जोडही निर्दोष वाटतो.

टाकीत हलका दाब देण्याची पद्धत उलट चालते: हवा आत जाते तिथून डिझेल बाहेर येतं. गाडीखाली लांबवर गेलेल्या गंजक्या पाइपसाठी ती उत्तम, पण टाकीच्या आतली तडा तिला सापडणार नाही. दाब हवा भरायच्या हातपंपानेच आणि अगदी थोडा द्या. कॉम्प्रेसर थेट जोडला तर टाकी फुगते, सांधा उघडू शकतो. सवय नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोडा.

या तिन्ही चाचण्या कमी दाबाच्या बाजूच्या आहेत. जुन्या पंपाच्या गाडीत इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट सैल करून हवा काढत. कॉमन रेल गाडीत (जिथे एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना जास्त दाबाचं डिझेल मिळतं) इंजिन चालू असताना त्यांना हात लावू नका. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

गळका वॉशर किंवा ओ-रिंग (सांध्यातली रबरी गोल कडी) बदलल्यावर पारदर्शक नळी लगेच काढू नका. एक रात्र गाडी उभी राहू द्या. सकाळी नळी भरलेली दिसली की मगच मूळ पाइप परत जोडा.