सर्टिफिकेट, असोसिएट की बूटकॅम्प? कर्ज आणि पगार शेजारी मांडून

वहिनीने एक्सेलमध्ये दोनच रकाने केले होते, ‘कर्ज’ आणि ‘पगार’. ती सांगलीची बी.कॉम. कॅलिफोर्नियात येऊन आठ वर्षं झाली, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात पडलं, आणि सध्या आठवड्याला वीस तास एका बालवाडीत मदतनीस आहे. कॉम्प्युटरचं काहीतरी शिकून धड नोकरी धरायची, एवढं पक्कं. वाटा तीन: कम्युनिटी कॉलेजचं (म्हणजे स्थानिक सरकारी, कमी फीच्या कॉलेजचं) सर्टिफिकेट, तिथलीच दोन वर्षांची असोसिएट डिग्री, किंवा दिवसाआड फोन करणारा एक बूटकॅम्प, म्हणजे थोड्या महिन्यांत प्रोग्रामिंग शिकवणारा खाजगी क्लास.

आधी फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला 46 डॉलर पडतात (युनिट हे अभ्यासाचं माप, एक वर्ग साधारण 3 युनिटचा). 18 युनिटचं सर्टिफिकेट 828 डॉलरला, 60 युनिटची असोसिएट 2,760 ला. पुस्तकं, पार्किंग वेगळं. राज्यात वर्ष भरलं नसेल तर बाहेरच्यांची फी लागते, ती कितीतरी पट जास्त. बूटकॅम्पने वहिनीला 13,500 सांगितले. तेवढ्यात आईबाबांना दोन उन्हाळे इकडे आणून होतं, असं दादा पुटपुटला.

म्हणजे सर्टिफिकेटसाठी कर्ज काढायचंच कशाला? फीसाठी नाही, घरखर्चासाठी काढतात लोक. विवाहित विद्यार्थी ‘स्वतंत्र’, म्हणजे आईवडिलांवर अवलंबून नसलेला, धरला जातो, त्याला पहिल्या वर्षी 9,500 डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळतं; वर्षापेक्षा छोट्या कोर्सला त्या प्रमाणात कमी. 2025-26 चा व्याजदर 6.39 टक्के होता. पूर्ण रक्कम उचलली आणि दहा वर्षांत फेडली तर महिन्याला साधारण 107 डॉलर. बूटकॅम्पचं कर्ज बहुधा खाजगी सावकाराचं. 12 टक्के आणि पाच वर्षं धरली, तर हप्ता 300.

सरकारी कर्जाच्या अटी मात्र वाचून घ्या. सेमिस्टरला निदान 6 युनिट हवेत आणि कोर्सही फार छोटा चालत नाही. 10-12 युनिटच्या सर्टिफिकेटला सहसा काहीच मिळत नाही. एच-4 वर, म्हणजे जोडीदाराच्या एच-1बी व्हिसाच्या आधारावर, असाल तर केंद्र सरकारची मदत नाहीच. ग्रीन कार्डवाल्यांना कर्ज मिळतं. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, ही मात्र पदवीधरांना नसते, परदेशातली पदवी असली तरी. यात आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.एस्सी.ला एक फट आहे: ती इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची नाही असा कागद दिला, तर कॉलेज तुम्हाला पदवीधर न मानण्याचा निर्णय घेऊ शकतं. एरवी आपली डिग्री कमी धरली की आपण चिडतो. इथे कमी धरली तर फायदा! फायनान्शियल एडच्या खिडकीवर हे स्वतःहून विचारा.

आता पगाराचा रकाना. घोळ सगळा इथे आहे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ कोर्सनिहाय मधला पगार आणि मधलं कर्ज दाखवतं. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर मध्यावर येणाऱ्याचा. पण या रांगेत फक्त सरकारी मदत घेतलेले असतात. खिशातून फी भरणारे नाहीत. कोर्सनिहाय आकड्यांत अर्धवट सोडून गेलेलेही नाहीत, आणि कर्ज घेऊन अर्धवट सोडणं हाच खरा खड्डा. शिवाय नोकरीत असताना बढतीसाठी सर्टिफिकेट करणारा आणि वहिनीसारखा शून्यातून येणारा एकाच रांगेत उभे. वहिनीच्या कॉलेजच्या ओळीत तर आकडाच नव्हता. विद्यार्थी थोडे असले की तो झाकून ठेवतात.

मग ती कामगार खात्याच्या आकड्यांकडे वळली. हेल्पडेस्कवर लोकांचे पासवर्ड आणि प्रिंटर सांभाळणाऱ्यांचा मधला पगार वर्षाला 60 हजार डॉलरच्या आसपास, सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा 1 लाख 30 हजारांच्या वर. बूटकॅम्पचा माणूस फोनवर फक्त डेव्हलपरांचा आकडा म्हणून दाखवायचा. त्यात वीस वर्षं मुरलेलेही आहेत, हे तो सांगत नाही. 18 युनिटांनी दार उघडलं तर हेल्पडेस्कचं उघडतं, तेही अगदी खालच्या पायरीवर.

सरकारच्या 2023 च्या नियमांत सर्टिफिकेट कोर्सांसाठी एक कसोटी होती, तिचा एक भाग असा: कर्जाचे वर्षाचे हप्ते वर्षाच्या कमाईच्या 8 टक्क्यांच्या आत हवेत. ती घरी लावून बघा. 107 चा हप्ता म्हणजे वर्षाला 1,284. त्यासाठी साधारण 16 हजारांची कमाई पुरते. बूटकॅम्पच्या 300 साठी 45 हजारांची नोकरी लागते, आणि तीही हप्ते सुरू होतील त्या महिन्यापासून. बूटकॅम्प मी इथेच खोडला.

मग सर्टिफिकेट जिंकलं? कर्जात हो. पण कॅलिफोर्नियात 2025 चं किमान वेतन तासाला 16.50 डॉलर होतं. काहीही न शिकता त्या दराने पूर्ण वेळ काम केलं तरी वर्षाला 34 हजार होतात. कोर्समुळे त्याच्या वर किती मिळणार, तेवढीच कोर्सची कमाई. आणि असोसिएटसाठी बालवाडीचे वीस तास सोडले तर त्याच दराने वर्षातल्या 40 आठवड्यांचे 13,200 डॉलर गेले, दोन वर्षांचे 26,400. फी 2,760! वहिनीच्या एक्सेलमध्ये या पैशांना रकानाच नव्हता.

म्हणून माझं मत सर्टिफिकेटच्या बाजूने, एका अटीवर: त्याची युनिटं पुढे असोसिएटला धरली जातात असं काउन्सेलरकडून लेखी घ्या. सगळी धरली जातातच असं नाही. सांगलीच्या मार्कशीटचं मूल्यांकन करून घेतलं तर असोसिएटमधले काही सर्वसाधारण विषयही सुटू शकतात. आणि नुसतं प्रोग्रामिंगचं सर्टिफिकेट घेऊन पदवीवाल्या पोरांशी स्पर्धा करण्यापेक्षा बी.कॉम.च्या जोडीला डेटाबेस आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) जास्त चालेल, असं मला वाटतं.

वहिनीने एकच संध्याकाळचा वर्ग घेतला. 3 युनिट, 138 डॉलर. 6 च्या आत असल्याने कर्ज मिळणार नव्हतंच. बालवाडी चालू आहे. एक्सेलमध्ये तिसरा रकाना आलाय, ‘तास’, आणि त्यात मंगळवार-गुरुवारच्या पुढे दादाचं नाव आहे, स्वयंपाकासाठी.