शंभर रुपयांत बेंगळूरदर्शन: आधी हिशेब मांडा

राणी चन्नम्मा एक्सप्रेसमधून भल्या सकाळी बेंगळूरला उतरलं की स्टेशनबाहेर कोणीतरी चक्क मराठीत विचारतं, "बेळगावचे काय? या काका, शंभर रुपयांत सगळं दाखवतो." परमुलखात आपली भाषा ऐकली की खानापूर-निपाणीकडची माणसं विरघळतात. सामान रिक्षात चढतं.

शंभरात हे बसतच नाही. ऑगस्ट २०२५ पासूनचा रिक्षाचा दर पहिल्या २ किलोमीटरना ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १८. म्हणजे १२ किलोमीटर फिरलात तरी मीटर २१६ दाखवणार, थांबण्याचे पैसे वेगळे. मधला फरक भरतो तो दुकानदार, ज्याच्याकडे रिक्षावाला तुम्हाला नेतो, आणि तो वसूल करतो तुमच्याकडून.

विधानसौधासमोर फोटोपुरतं थांबवतात. मग "लालबाग उशिरा उघडते, तोवर सरकारी सिल्क फॅक्टरी बघू." लालबाग सकाळी ६ लाच उघडते. 'फॅक्टरी' म्हणजे खासगी दुकान असतं. आत चहा, आग्रह आणि प्युअर सिल्कच्या नावाखाली साड्यांचा ढीग. विक्रेता स्वतः धागा जाळून दाखवतो: केस जळल्यासारखा वास, बोटांत चुरडणारी राख. परीक्षा खरी, पण धागा त्याने निवडलेला. ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) पॉलिस्टरचा असेल तर नुसत्या ताण्याच्या धाग्यावरून काय कळणार? दोन्हीकडचा धागा मागा. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्याला हे सांगायला नको, पण खरेदी तो एकटा थोडीच करतो! खरी म्हैसूर सिल्क हवी तर केएसआयसीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाच्या, शोरूममध्येच जा. तिथल्या प्रत्येक साडीवर स्वतंत्र क्रमांक असतो. चंदनाच्या मूर्तींचंही तेच, साध्या लाकडाला अत्तर चोळलेलं असतं.

या सगळ्या भानगडीची गरजच नाही. स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिकला मेट्रोच्या पर्पल आणि ग्रीन या दोन्ही लाईन मिळतात. पर्पल लाईनने विधानसौध आणि कब्बन पार्क. ग्रीन लाईनने के. आर. मार्केटला उतरून टिपूचा उन्हाळी राजवाडा, आणि त्याच लाईनवर पुढे लालबाग. बन्नेरघट्टा प्राणी उद्यान मात्र दूर आहे, मंगळवारी बंद असतं, आणि एका दिवसाच्या फेरीत ते कोंबू नये.

रिक्षाच हवी असेल तर स्टेशनच्या प्रीपेड काउंटरवरून घ्या, नाहीतर बसण्याआधी "मीटर हाकी" (मीटर टाका) म्हणा. एवढं कन्नड आपल्याकडे सगळ्यांना येतं, तिथं गेल्यावर उगीच हिंदीत शिरतात. रात्री १० ते पहाटे ५ दीडपट भाडं मात्र रीतसर आहे, त्यावर वाद घालू नका.

खरेदी झालीच असेल तर बिल नीट वाचा. पुष्कळदा त्यावर नुसतं 'साडी १ नग' असतं. जीएसटी क्रमांक आणि 'प्युअर सिल्क' हे शब्द पैसे देण्याआधी लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करताना हेच बिल लागतं. यूपीआयची पावती फक्त पैसे गेले एवढंच सांगते.