दिवाळीतली कृतज्ञता: वृद्धाश्रमातले फोव की बांबोळीला रक्तदान?

आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अनोळखी माणसांचे रक्त उपयोगी पडले, म्हणून या दिवाळीत आपणही कुणाच्या तरी उपयोगी पडावे, असे फोंड्याच्या माझ्या भाचीने ठरवले आहे. मात्र वृद्धाश्रमात फोवांचा, म्हणजे गोव्यातल्या दिवाळीच्या पोह्यांचा, फराळ न्यावा की बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रक्तदान करावे, हे तिचे ठरत नाही.

खर्चाच्या बाबतीत रक्तदानाला येण्याजाण्याच्या भाड्यापलीकडे काही लागत नाही. तीसेक जणांच्या फोवांना पोहे, गूळ, नारळ हवेत, आणि आश्रमात मधुमेही किती आहेत हे आधी विचारून घ्यावे लागते. खरे श्रम मात्र तिथे बसण्याचे आहेत: रोसातल्या (नारळाच्या रसातल्या) फोवांची वाटी हातात धरून एखादी आजी आपल्या घरच्या नरकचतुर्दशीविषयी बोलू लागली, की मध्येच उठता येत नाही, आणि माझ्या मते तिला फराळापेक्षा हेच अधिक हवे असते.

टिकण्याचे म्हणाल, तर दान केलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस आणि प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे सणासुदीसाठी फार आधी साठा करून ठेवता येत नाही. दात्याचे वजन किमान 45 किलो व हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर असावे, पुरुषांना 3, तर स्त्रियांना 4 महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.

वेळ थोडा आणि प्रकृती उत्तम असेल त्याने रक्तदान करावे; ज्याला रक्त देता येत नाही, पण दिवाळीनंतरही महिन्यातून एकदा जाणे जमेल, त्याने आश्रम निवडावा. भाचीने बांबोळीला जावे, आणि आश्रमात तिच्या आईने.