मरीन माशांसाठी लसूण अर्काची बाटली: पाचात तीन स्टार, तेही तिसऱ्यांमुळे, म्हणजे बाजारातल्या शिंपल्यांमुळे

आधीच सांगतो, मासा आता बरा आहे, खातोय, पण त्याचं सगळं क्रेडिट बाटलीला द्यायचं असेल तर मला जरा बोलायचंय.

मासा म्हणजे कॉपरबँड बटरफ्लाय. केशरी पट्टे, लांब चोच, मागच्या बाजूला खोटा डोळा. खाऱ्या पाण्याची टाकी असलेले बरेच लोक हा एकाच कारणासाठी आणतात, दगडांवर माजलेली एप्टेशिया (तणासारखी पसरणारी छोटी समुद्रफुलं) खाईल म्हणून, आणि घरी आल्यावर साहेब एप्टेशियाही खात नाहीत नि पेलेटकडे, म्हणजे दाणेदार खाद्याकडे, तर ढुंकूनही बघत नाहीत. आमचाही तसलाच. फ्लेक, पेलेट, फ्रोझन आर्टिमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) सगळं नाकासमोरून वाहून जायचं, एकदा मायसिस (तसलाच, जरा मोठा जीव) तोंडात घेतला आणि लगेच थुंकला. पोट खपाटीला गेलं, डोक्यामागचं मांस बसायला लागलं, तेव्हा दुकानदाराने ही बाटली हातात दिली, म्हणे "लसूण लावा, धावत येईल." किंमत हजाराच्या आसपास, बाटली बोटभर.

वापरायला सोपी आहे हे खरं. फ्रोझन खाद्य वितळवायचं, त्याचं पाणी गाळून टाकायचं, वरून थोडे थेंब, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. झाकण उघडलं की किचनभर वास. आई बघून म्हणाली, "लसूण झाला, आता तेल तापवू का?"

रिझल्ट असा की टाकीतले दुसरे मासे, टँग आणि क्लाऊन, नुसते तुटून पडले. म्हणजे जे आधीच खात होते ते अजून खायला लागले, आणि ज्याच्यासाठी आणली तो जवळ आला, चोच पुढे केली आणि वळून दगडामागे गेला. मासा अर्धवट तयार असेल तर हा वास त्याला पुढे ढकलतो, पण ज्याला हे खाद्य म्हणजे खाणं आहे हेच कळत नाही त्याच्यापुढे काय उपयोग.

आणि दुकानात जे सर्रास सांगतात ना की लसणाने इक (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) जातो, ते डोक्यातून काढून टाका. इकचा परजीवी माशाच्या कातडीच्या आत बसतो, लसणाने तो मरतो याला काही धड पुरावा नाही. त्याला वेगळ्या टाकीत कॉपर (तांब्याचं औषध) द्यावं लागतं, नाहीतर क्षारता १.००९ विशिष्ट गुरुत्वापर्यंत उतरवून काही आठवडे तिथेच ठेवावी लागते. कॉपर मेन टाकीत ओतू नका हो, कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जाईल, शिवाय कॉपरने माशाची उरलीसुरली भूकही कमी होते. आणि मासा जोरजोरात श्वास घेत वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) झोतात उभा राहत असेल, अंगावर बारीक पिवळट धूळ दिसत असेल तर तो व्हेल्व्हेट, म्हणजे झपाट्याने मारणारा दुसरा परजीवी रोग, असू शकतो, तिथे लसूण मुरवत बसायला वेळच नसतो.

म्हणून बाटली घ्यायच्या आधी अमोनियाची टेस्ट करा, श्वास बघा, शी बघा, दुसरा मासा मारतोय का ते बघा. आमच्याकडे शेवटच्या दोन्ही गोष्टी निघाल्या, शी पांढरी दोऱ्यासारखी आणि टँग त्याला कोपऱ्यातून बाहेरच येऊ देत नव्हता. वेगळ्या छोट्या टाकीत हलवला, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले. पांढरी शी म्हणजे पोटातले जंतू असू शकतात, त्यावर मेट्रोनिडाझोल खाद्यातून द्यायचं असतं (सीकेम कंपनीचं मेट्रोप्लेक्स, आणि ते खाद्याला चिकटून राहावं म्हणून त्यांचंच फोकस). पण मासा खातच नाही तर खाद्यातून देणार काय, डोंबल?

इथे तिसऱ्या आल्या. बाजारात चारच मागितल्या तर मावशी हसायलाच लागल्या, "चारात कालवण कसलं करतोस रे बाळा?" रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, सकाळी वितळवून आरओच्या पाण्याने धुतल्या, सुरीने उघडून एक अर्धा शिंपला दोन पाइपांच्या फटीत अडकवला. कॉपरबँडची चोच असते कशासाठी, फटीतलं टिपण्यासाठी, वरून तरंगत येणारा दाणा त्याला खाणं वाटतच नाही. बराच वेळ नुसता घिरट्या घालत होता, मग शिंपल्याच्या कडेला टोचलं, मागे सरला, परत टोचलं, आणि मग मांसाचा एक धागा ओढून काढला. मी बायकोला ओरडून बोलावलं, ती म्हणाली एवढं तर माझ्या प्रमोशनला पण नाही ओरडलास.

बाटलीचा खरा उपयोग यानंतर झाला. नुसत्या तिसऱ्यांवर मासा ठेवता येत नाही, त्यात बी-वन जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज असतं, रोज तेच दिलं तर बी-वन कमी पडतं. म्हणून रिकाम्या शिंपल्यात मायसिस दाबून भरायचा, सुरुवातीला तिसरीच्या मांसात मिसळून, मग हळूहळू मायसिस जास्त. या बदलात लसणाने मदत केली असं मला वाटतं, आणि औषध मिसळल्यावर तर नक्कीच, कारण मेट्रोनिडाझोल कडूजहर असतं आणि लसूण न लावलेला घास तो थुंकत होता. शी नीट झाली, पोट भरलं, आता शिंपल्याशिवायही मायसिस टिपतो. पेलेट अजून नाहीच.

उरलेलं खाद्य लगेच सायफनने काढा मात्र, छोट्या टाकीत तिसरीचा तुकडा राहिला की अमोनिया चढलाच.

तर एक स्टार कापला किमतीचा, कारण घरची पाकळी ठेचून रस पिळला तरी वासाचं काम बरंचसं होतं. दुसरा कापला तो "भूक नाही म्हणजे लसूण" या विक्रीच्या पद्धतीचा. ज्यांचा मासा नवीन खाद्य तोंडात घेऊन थुंकतोय किंवा ज्यांना औषध लपवायचंय त्यांनी खुशाल घ्या. ज्यांचा मासा खाद्याकडे बघतही नाही त्यांनी आधी बाजारात जाऊन या. हॅचरीत वाढलेला क्लाऊन असेल तर बहुतेक गरजच पडणार नाही, ते पेलेटवरच वाढलेले असतात.

आणि ऑनलाइन घेताना एक्सपायरीचा फोटो आधी मागा, माझ्या आधी मित्राने एका सेलरकडून मागवलेल्या बाटलीला लसणाचा वासच नव्हता.